इंग्रजीचा प्रश्न आणि रद्दीतील कादंबऱ्या

डहाणूजवळच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पालघर येथे पायाभरणीचा समारंभ झाला. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पाविषयी अनुकूल आणि प्रतिकूल असे विपुल लेखन झाले आहे. त्यात येथे भर घालण्याचे प्रयोजन नाही. परंतु या वादाच्या कडेला एक लहानसा प्रश्न पडून राहिला आणि त्याच्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. अशा प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांचा अहवाल इंग्रजीत असतो. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीपूर्वी त्याचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो. म्हणजे ज्याची जमीन, बाग किंवा मासेमारी पणाला लागलेली आहे तो सारांश वाचतो, आणि शेकडो पानांचा मूळ अहवाल वाचू शकणारा माणूस बहुधा शहरातून आणावा लागतो. बुलेट ट्रेनचा मार्ग आणि मुंबई-बडोदे द्रुतगती महामार्गही याच पट्ट्यातून आखलेले आहेत. अशा प्रत्येक वेळी मूळ इंग्रजी कागद वाचून देणारा कोणी तरी शोधावा लागतो.

तलासरी तालुक्यातील झरी येथे २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले आणि वेठबिगार व लग्नगडीपणा यांच्याविरुद्धचा लढा उभा राहिला. त्या काळी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्याला त्या कागदात काय लिहिले आहे ते कळत नसे. आज त्याचा पणतू सही करतो, मराठी वृत्तपत्र वाचतो, पदवीच्या वर्गात बसतो. मात्र दहा-वीस पानांचा इंग्रजी मजकूर पुढे आला की त्याची स्थिती पणजोबांच्या स्थितीहून फार निराळी राहत नाही. इंग्रजीचा प्रश्न या दोन तालुक्यांपुरता केवळ नोकरीचा नाही, तो असा कागदाचा आहे.

शाळेत इंग्रजी नाही म्हणून असे होते, असे कोणी म्हणू शकणार नाही. बाळासाहेब खेर यांच्या काळात मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवले जाई. पुढे ते पाचवीपासून आले आणि २००० सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून शिकवले जाऊ लागले. म्हणजे आज पदवीच्या पहिल्या वर्षात येणाऱ्या विद्यार्थ्याने बारा वर्षे इंग्रजीचे तास घेतलेले असतात. त्याला कर्तरी प्रयोगाचा कर्मणी करता येतो, निबंध पाठ म्हणता येतो, गाळलेल्या जागा भरता येतात. एक अखंड पान मात्र वाचता येत नाही. बारा वर्षांच्या गुंतवणुकीचा हा परतावा पाहिला तर कोणताही व्यापारी असा धंदा केव्हाच बंद करील.

यावर जे उपाय सुचवले जातात ते ठरावीक आहेत. पहिला इंग्रजी माध्यमाचा. आदिवासी विकास विभागाची ‘नामांकित’ निवासी शाळांत विद्यार्थी पाठवण्याची योजना याच विचारातून निघाली आहे. तिचा लाभ निवडलेल्यांना मिळतो, आणि न निवडलेली मुले आश्रमशाळेत व जिल्हा परिषदेच्या शाळेत जिथल्या तिथे राहतात. दुसरा उपाय तालुक्याच्या गावी निघालेल्या संभाषण-वर्गांचा. तेथे तीन महिन्यांत नमस्कार-चमत्कार येतात आणि शुल्काची पावती मिळते. तिसरा गाईडांचा, त्याविषयी न बोललेले बरे.

या सर्व उपायांत एक गोष्ट कोणी मोजत नाही, आणि ती म्हणजे वाचनाची राशी. विद्यार्थी वर्षाकाठी इंग्रजीचे एक पाठ्यपुस्तक वाचतो; तेही शिक्षक मराठीत अर्थ सांगत असताना. दहा इयत्तांची पाठ्यपुस्तके एकत्र बांधली तरी शब्दसंख्येच्या हिशेबाने तो गठ्ठा चार-पाच बऱ्यापैकी कादंबऱ्यांहून फार मोठा भरणार नाही. चार-पाच कादंबऱ्यांच्या मजकुरावर कोणाला कोणती परकी भाषा आली आहे? भाषेतला एखादा शब्द अंगवळणी पडायला तो निरनिराळ्या वाक्यांत, निरनिराळ्या प्रसंगी पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. पाठ्यपुस्तकात तो एकदा भेटतो, धड्याखालच्या शब्दार्थांत एकदा दिसतो, आणि परीक्षेनंतर नाहीसा होतो.

हे ज्ञान नवे नाही. एकोणीसशे वीसच्या दशकात ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगाली विद्यार्थ्यांचा अभ्यास करून असे प्रतिपादन केले होते, की या देशातील मुलाला इंग्रजीत बोलण्यापेक्षा वाचता येण्याची गरज अधिक आहे आणि मोजक्या शब्दांत लिहिलेली सोपी, रंजक पुस्तके भरपूर वाचायला दिली तर ते साध्य होते. त्यांनी तशी वाचनमालाही तयार केली. पुढे १९८०-८१ मध्ये फिजी बेटांतील खेड्यांतल्या शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई या दोघांनी एक प्रयोग केला. इंग्रजी ज्यांच्या घरात नाही अशा चौथी-पाचवीच्या मुलांच्या वर्गांत सुमारे अडीचशे गोष्टींची पुस्तके ठेवली आणि रोज वीस-तीस मिनिटे ती वाचण्यासाठी राखली. काही वर्गांत नेहमीचा अभ्यासक्रम तसाच चालू ठेवला. वर्षअखेरीस पुस्तके मिळालेल्या मुलांची वाचनातील प्रगती इतरांच्या जवळजवळ दुप्पट झालेली आढळली. दुसऱ्या वर्षी तर तिचा परिणाम लेखनातही दिसू लागला. ती मुले तलासरीच्या मुलांहून सुखवस्तू होती असे मानण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रातही इंग्रजी अशीच आली, याचे आपल्याला विस्मरण झाले आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगितले जाणारे ‘वाघिणीचे दूध’ सर्वांना ठाऊक असते. पण ते दूध पुष्कळांनी बर्क आणि मिल यांच्या आधी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांतून प्यायले होते. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हा इंग्लंडात हलका समजला जाणारा, खून आणि कारस्थाने यांनी पाने भरणारा लेखक. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात तो अमाप वाचला गेला. हरिभाऊ आपट्यांनी आपल्या पहिल्या कादंबरीला, म्हणजे १८८५ च्या ‘मधली स्थिती’ला, त्याचाच आधार घेतला होता. पुढच्या शतकात मुंबईच्या कारकुनांच्या आणि शिक्षकांच्या पिढ्यांनी लोकलच्या प्रवासात पेरी मेसनची प्रकरणे, अगाथा ख्रिस्तीचे खून आणि जेम्स हॅडली चेजचे दरोडे वाचले. ती पुस्तके बहुधा विकत घेतलेली नसत. फिरत्या वाचनालयाची किंवा फोर्टातल्या पदपथावरून अर्ध्या-पाव किमतीत उचललेली असत. या चेजची गोष्ट तर मौजेची आहे. हा इंग्रज गृहस्थ ग्रंथविक्रीच्या धंद्यातून लेखनाकडे वळला आणि ज्या अमेरिकेविषयी त्याने आयुष्यभर लिहिले तिची बोली तो बव्हंशी कोशांतून शिकला होता. त्याच्या पुस्तकांतून इंग्रजी शिकणाऱ्याने संकोच बाळगण्याचे कारण नाही.

हंगेरीच्या काटो लोंब या बाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. १९०९ ते २००३ असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या या दुभाषीने सोळा भाषांत काम केले आणि १९७० मध्ये आपली पद्धत पुस्तकरूपाने सांगितली. नवी भाषा घ्यायची तर तिच्यातली एखादी कादंबरी उघडायची, न कळलेले सोडून पुढे जायचे, शब्दकोशाला दर ओळीत हात लावायचा नाही, असा त्यांचा परिपाठ होता. रशियन त्या महायुद्धाच्या काळात अशाच शिकल्या.

याचा अर्थ डहाणूच्या विद्यार्थ्याच्या हातात पदपथावरची कोणतीही कादंबरी ठेवावी आणि चमत्काराची वाट पाहावी, असा मात्र नाही. येथे या मताचे पुरस्कर्ते सहसा घसरतात. न्यूझीलंडचे भाषाभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये केलेल्या गणनेप्रमाणे सामान्य इंग्रजी कादंबरी विनासायास कळायला आठ ते नऊ हजार शब्दकुळे ठाऊक असावी लागतात. एका मूळ शब्दापासून झालेले सर्व शब्द मिळून एक कुळ, असा हा हिशेब आहे. मराठी माध्यमातून बारावी झालेल्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोडे या संख्येच्या जवळपास पोचत असतील. अशाला डिकन्स दिला तर तो चौथ्या पानावर पुस्तक मिटतो आणि इंग्रजी आपल्या नशिबात नाही, असा निष्कर्ष काढतो. तो निष्कर्ष शब्दकोश दिल्यानेही बदलत नाही. ओळीत सहा वेळा कोश पाहणे म्हणजे वाचन नव्हे.

म्हणून पायऱ्या लागतात. पहिल्या पायरीवर चित्रांची, मोठ्या टाइपातली, मुंबईतल्या इंग्रजी शाळांच्या मुलांनी वाचून टाकलेली पुस्तके. सोळा-अठरा वर्षांच्या मुलाला ती देताना त्याचा अपमान होणार नाही, हे पाहावे लागते. धाकट्या भावंडांना वाचून दाखवण्यासाठी म्हणून दिली तर तो प्रश्न सुटतो. दुसऱ्या पायरीवर जगप्रसिद्ध कादंबऱ्यांची दोन-तीन हजार शब्दांत बसवलेली संक्षिप्त रूपे, जी शाळांच्या जुन्या पुस्तकांत ढिगाने सापडतात. मग एनिड ब्लायटन, मग ख्रिस्ती. ख्रिस्तीचे गद्य साधे, संवाद पुष्कळ आणि खुनी कोण हे कळल्याशिवाय पुस्तक खाली ठेववत नाही. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा तिसरा गुण पहिल्या दोहोंपेक्षा मोलाचा आहे.

आणखी एक वाट आहे आणि ती मराठीतून जाते. जी गोष्ट मराठीत वाचून झाली आहे ती इंग्रजीत वाचताना निम्मा अडथळा आधीच दूर झालेला असतो, कारण पुढे काय होणार हे ठाऊक असते आणि अनोळखी शब्दाचा अर्थ प्रसंगावरून लागतो. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचलेल्या मुलाने इंग्रजी व्हर्न हाती घ्यावा. मूळ फ्रेंच, म्हणून इंग्रजीही अनुवादच; तेव्हा दोघेही परक्या घरचे पाहुणे. तलासरीच्या विद्यार्थ्याला तर याहून जवळचे साधन उपलब्ध आहे. कॉम्रेड गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० चे पुस्तक साहित्य अकादमीच्या पारितोषिकाने गौरवले गेले. त्याच लढ्यावरचे ‘आदिवासीज रिव्होल्ट’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९७५ मध्ये निघाले. ही कादंबरी नाही. पण ज्या पाड्यांची आणि माणसांची ही हकीकत आहे ते पाडे विद्यार्थ्याच्या पायाखालचे आहेत. मराठी पुस्तक आधी आणि इंग्रजी नंतर, अशा क्रमाने हे वाचन झाले तर शब्दकोशाचे निम्मे काम आजी-आजोबाच करतील. तलासरीच्या महाविद्यालयाला गोदावरीबाईंचेच नाव आहे, एवढे येथे नमूद करावे.

मराठीचा उल्लेख आणखी एका कारणाने आवश्यक आहे. तलासरी तालुक्यात दहांतली नऊ माणसे आदिवासी आहेत. डहाणूतही त्यांचे प्रमाण दोन-तृतीयांशांहून जास्त आहे. वारली घरातल्या मुलाची बोली वारली, शाळेची भाषा प्रमाण मराठी, उंबरगाव-वापीच्या कारखान्यातील मुकादमाची गुजराती, मोबाईलवरच्या चित्रपटाची हिंदी. इंग्रजीचा क्रमांक पाचवा लागतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आरंभलेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलेले काम याच जाणिवेवर उभे होते. मूल शाळेत येत नसेल तर शाळा अंगणात न्यावी, गुरे राखणारी मुले कुरणात असतील तर कुरणात न्यावी, आणि साधने म्हणून बियांपासून शिंपल्यांपर्यंत जे भोवती असेल ते घ्यावे, हा त्यांचा मार्ग होता. ज्या मुलाने मराठीत कधी गोष्टीचे पुस्तक आपण होऊन संपवलेले नाही, त्याला इंग्रजी कादंबरीची गोडी लागणे कठीण. वाचनाची सवय भाषेगणिक वेगळी लावावी लागत नाही. ती एकदाच लागते, आणि जी भाषा जवळची तिच्यातून लागते.

आता किमतीचा विचार. नवी इंग्रजी कादंबरी आज चारशे-पाचशे रुपयांना पडते. २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. दीड दिवसाची मजुरी एका कादंबरीवर खर्च करण्याचा सल्ला कोणीही शहाणा माणूस देणार नाही. पण कादंबरी ही अर्थशास्त्राच्या दृष्टीने चमत्कारिक वस्तू आहे. एकदा वाचली की पहिल्या मालकाच्या लेखी तिची उपयुक्तता जवळजवळ संपते, वस्तू म्हणून मात्र ती जशीच्या तशी राहते. मोटार वापरल्याने झिजते, कादंबरी वापरल्याने फारशी झिजत नाही. म्हणूनच मुंबईच्या सदनिकांतून ती रद्दीवाल्याकडे वजनावर जाते आणि दुसऱ्या वाचकाला वीस-तीस-पन्नास रुपयांत मिळू शकते. पाचशे रुपयांत एक नवे किंवा पंधरा-वीस जुनी पुस्तके, असा हा विनिमय आहे, आणि ज्याला राशी हवी त्याने कोणती बाजू घ्यावी हे सांगायला नको.

अडचण अशी, की हा बाजार विरारच्या अलीकडेच संपतो. फौंटनच्या पदपथावरच्या ग्रंथविक्रेत्यांवर २००५ मध्ये महापालिकेने कारवाई केली आणि तो बाजार पुन्हा पूर्वीसारखा भरला नाही. माटुंग्याला किंग्ज सर्कलची दुकाने टिकून आहेत. चर्चगेटपासून डहाणू रोड सुमारे १२४ किलोमीटर. २०१३ पासून तेथवर लोकल धावते आणि रोज कितीतरी माणसे ये-जा करतात. त्यांच्या पिशव्यांतून भाजी येते, औषधे येतात, पुस्तके क्वचित. तलासरीला तर रेल्वेही नाही, महामार्ग आहे. त्या महामार्गाच्या पुढच्या टोकाला वापी आहे, आणि वापीच्या कागद-गिरण्यांचा मुख्य कच्चा माल रद्दी हाच आहे. मुंबईच्या रद्दीतून त्या बाजूला जे काही गिरणीत जात असेल ते तलासरीवरूनच जाणार. त्यातल्या कादंबऱ्या वाचकाच्या दारावरून लगदा व्हायला जातात, असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच होईल.

सरकारचे धोरण या बाबतीत उदासीन आहे एवढेच म्हणून भागत नाही. २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क बसले. पुस्तके स्वस्तात पाठवण्याची नोंदणीकृत बुकपोस्टची सेवा डाक खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली. जुन्या पुस्तकाची किंमत तीस रुपये आणि टपालखर्च त्याहून अधिक, अशी स्थिती झाली तर दूरच्या तालुक्यांसाठी तो व्यवहारच उरत नाही. मोबाईलवर सारे फुकट मिळते, हे उत्तर यावर दिले जाते. स्वामित्वहक्क संपलेली इंग्रजी पुस्तके फुकट मिळतात हे खरे. पण ती बहुतेक जुन्या, अवघड इंग्रजीतली. शिवाय ज्या घरात एकच फोन तिघांत फिरतो त्या घरात दोनशे पाने त्यावर वाचून होतील, ही कल्पना फोन विकणाऱ्यालाच सुचू शकते.

अखेरचा अडसर कपाटाचा आहे आणि तो किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. शाळांना शासनाकडून पुस्तके मिळत नाहीत असे नाही. ती येतात, त्यांची जडवस्तुसंग्रह नोंदवहीत नोंद होते आणि कपाटाला कुलूप लागते. एखादे हरवले तर त्याचा जाब शिक्षकाला द्यावा लागतो. मग पावसात पाड्यावर जाणाऱ्या मुलाच्या हाती तो ते देईलच कशाला? त्याला दोष देता येत नाही, तपासणीच्या दिवशी पुस्तक कपाटात असणे हेच नियमाने मागितलेले असते. जुन्या पुस्तकाचा सर्वांत मोठा गुण येथे उपयोगी पडतो. वीस रुपयांचे पुस्तक हरवले, भिजले, धाकट्या बहिणीने चित्रे रंगवली, मामाच्या गावी राहून गेले, तरी कोणाचे फारसे बिघडत नाही. कदाचित ते मामाच्या गावी दुसरे कोणी वाचते. फिजीतल्या मुलांचे पुस्तकही वर्गात खुले पडलेले असे, कुलपात नव्हे.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या लहान वाचनालयांनाही हीच सोय हवी. मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांतून आणि महाविद्यालयांतून टाकून दिलेल्या कादंबऱ्या गोळा करणे, पायरीप्रमाणे त्यांची विभागणी करणे, डहाणू रोडपर्यंत रेल्वेने आणि पुढे एस. टी.ने त्या नेणे, हे काम महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची पथके एका दिवाळीच्या सुटीत करू शकतील. वृक्षारोपणाचे जुने खड्डे पुन्हा खणण्यापेक्षा ते बरे. परंतु ही पुस्तके शाळेत पोचल्यावर पुन्हा नोंदवहीत आणि कुलपात जाणार असतील तर आणण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. देणगीदाखल आलेली जुनी पुस्तके जडवस्तूंत न धरता खडू आणि कागदाप्रमाणे वापरून संपणाऱ्या वस्तूंत धरावीत आणि त्यांच्या हानीची वसुली शिक्षकाकडून होऊ नये, असे पालघरच्या जिल्हा परिषदेने आपल्या शाळांपुरते आणि डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आश्रमशाळांपुरते लेखी कळवावे. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी हे होण्यासारखे आहे.